कडूबाईचा मेनू

फोनचा मेनू कसा लावावा हे मला कुणी शिकवू नये, असं माझं ठाम मत होतं आणि ते मी लपवतही नसे. लिंबागणेशला आमच्या अप्पांचं किराणा दुकान. चौथीत असल्यापासून तिथल्या बरण्या मी लावायचे. डाळी डाळींशेजारी, मसाले मसाल्यांशेजारी, आणि हिंगाची डबी सगळ्यांपासून लांब. अप्पांनी एखादी बरणी भलत्या जागी ठेवली, की मी दिवसभर गाल फुगवून बसायचे. पुढं अंबाजोगाईला कॉम्प्युटर शिकले, बीडला मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकलं, पण खोड गेली नाही. गिऱ्हाइकाचा फोन हातात आला, की त्याच्या स्क्रीनवरचा पसारा बघूनच माझं डोकं उठतं.

म्हणून जनावरांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेचं काम आलं, ते मी उडी मारून घेतलं. शिरूर कासार तालुक्यात शेळ्या-मेंढ्यांना लस टोचणाऱ्या बारा पशुसखी होत्या. त्यांच्यासाठी बारा फोन तयार करायचे होते. हे फोन लिनक्सवर, म्हणजे कुणालाही बदलता येणाऱ्या खुल्या प्रणालीवर चालणारे. बाजारातल्या फोनमध्ये कंपनीला हवं ते दिसतं. लिनक्समध्ये लावणाऱ्याला हवं ते. प्रत्येक प्रोग्रामची एक छोटी फाइल असते, पाच-सहा ओळींची. नाव काय, चित्र कोणतं, कोणत्या खणात बसायचं, मेनूत दिसायचं की नाही. ओळ बदलली की मेनू बदलला. माझ्यासारखीला अजून काय पाहिजे?

एकोणीस प्रोग्राम होते. मी त्यांचे चार खण केले: नोंदी, औषधं, संपर्क, साधनं. आणि सगळ्यांच्या पुढं, एकटं, ठसठशीत अक्षरांत ठेवलं ‘मोजणी’. जनावरं किती, तो आकडा टाकल्याशिवाय पुढचा एकही खण उघडायचा नाही, असं कुलूपही घातलं. आधी माल मोजायचा, मग दुकान उघडायचं. बायकांना शिकवताना मी बजावलं होतं, “हे कुणीही बदलायचं नाही.” बाराही जणींनी माना डोलावल्या. मला वाटलं, पटलं.

तीन महिन्यांनी संस्थेच्या जनावरांच्या डॉक्टरांचा, त्रिंबक सरांचा फोन आला.

“ईश्वरी, नोंदी माझ्यासमोर आहेत. वाचून दाखवतो. शंभर. शंभर. दीडशे. शंभर. दोनशे. मेंढ्या काय पोत्यात भरून येतात का?”

मी हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला.

“या बायका घरी बसून आकडे टाकतायत, असं वर सगळ्यांचं मत झालंय. शुक्रवारी मी कडूबाईकडं येतो. समोर लस टोचून दाखवायची, समोर नोंद करायची. पटलं तर ठीक. नाहीतर फोन परत आणि बायकांचं कामही बंद.”

कडूबाई म्हणजे बाराजणींतली सगळ्यात तयार बाई. लग्न झाल्यापासून सतरा वर्षं, दसरा झाला की ती आणि तिचा नवरा मुंजाजी ऊसतोडीला जात ते उन्हाळ्याच्या तोंडाशी परत येत. यंदा तिनं मुकादमाला तोंडावर सांगितलं होतं, की मी येणार नाही, मला गावात काम आहे. मुंजाजीनंही तिच्या भरवशावर गावातच मेंढरं राखायचं धरलं होतं. मुलगी सुकन्या दहावीत. काम सुटलं, तर कडूबाईला कोयता घेऊन निघावं लागणार आणि सुकन्येची दहावी उसाच्या फडात जाणार. भाद्रपद चालू होता. दसरा काही लांब नव्हता.

मी बुधवारी पहिल्या गाडीनं शिरूर गाठलं. रागातच होते. राग बायकांचा होता, हे आधीच सांगून टाकते. एवढा सोपा मेनू करून दिला आणि यांना एक आकडा धड टाकता येत नाही!

कडूबाई स्टँडवर आली होती. खांद्याला बर्फाचा डबा, गळ्यात फोन. तिच्या वाडीकडं चालता चालता मी सरळच विचारलं, “कडूबाई, खरं सांगा. टोचता का नाही?”

ती थांबली. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“ताई, तीन म्हैन्यांत दोन येळा मेंढ्यानं पाडलं मला. गुडघा बघायचाय का?”

“मग आकडे शंभर-शंभर कसे?”

यावर ती नुसती चालू लागली. एवढी फटकळ बाई, पण या एका प्रश्नावर तिच्या तोंडाला कुलूप.

आज काही मेंढरं आणि शुक्रवारी सरांसमोर बाकीची टोचायची ठरलेला धुळाजीमामांचा मेंढवाडा वाडीच्या टोकाला होता. चारी बाजूंनी जाळी, आत मेंढरांची दाटी, आणि तोंडाशी स्वतः धुळाजीमामा, काठीवर हनुवटी टेकून. साठीचा माणूस, बोलणं मोजकं. कडूबाई आत जायच्या आधी थांबली, फोन काढला, ‘मोजणी’ दाबलं आणि आत नजरही न टाकता एकावर दोन शून्यं दिली. खण उघडले.

माझं टाळकंच सरकलं.

“न बघता शंभर? अहो, समोर उभी आहेत ना! मोजायला काय होतं? हे बघा, असं!” आणि मी वाड्यात पाऊल टाकलं, बोट पुढं केलं आणि शाळेतल्या बाईंसारखी मोठ्यानं सुरू झाले, “एक, दोन, तीन, चार…”

सातावर काठी माझ्यासमोर आडवी आली.

“भाईर व्हा,” धुळाजीमामा म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण काठी हलली नाही. “भाईर व्हा पैलं. कडू, ह्या बाईला घिऊन जा. आज सुई न्हाई. शुक्रवारी बी न्हाई. तुझा सायेब आला तर त्याला म्हणावं, दुसरा वाडा बघ.”

“मामा, आवं तिला ठावं न्हाई…”

“जा म्हणलं ना!”

कडूबाईचा चेहरा उतरला. मी मात्र अजून तणतणत होते. तिच्या घरी जाईपर्यंत माझी बडबड चालूच होती: अंधश्रद्धा, अडाणीपणा, एकविसावं शतक, सगळं झालं. तिची सासू भिवराबाई ओट्यावर लोकर पिंजत बसली होती. तिनं माझं सगळं ऐकून घेतलं, पाण्याचा तांब्या पुढं केला आणि विचारलं, “वाड्यात उभं राहून मोजलीस व्हय, पोरी?”

“सातपर्यंतच.”

“सात झाली की लई झाली,” ती म्हणाली. “वाड्यात उभ्या मेंढराला आमी मोजत न्हाई. बोट करत न्हाई, आकडा तोंडातनं काढत न्हाई, दृष्ट लागती. कुणी इचारलं तर म्हणायचं, बक्कळ हायती. आमच्या वाडीत कुणी बी मोजत न्हाई.”

“मग एखादं हरवलं तर कळतं कसं?”

म्हातारी हसली. “तुज्या घरात किती माणसं हायती?”

“पाच.”

“जेवायला बसल्यावर मोजतीस का? एक न्हाई आलं तर मोजल्याबिगर कळतंच की. तसंच हाय. काळ्या कानाची कुठं गेली, एवढं धनगराला बघताक्षणी कळतं.”

मी पाणी प्यायले. नुसतं डोक्यात घुमत होतं, की सगळ्यांच्या पुढं, ठसठशीत अक्षरांत, मी तेच ठेवलं होतं. बाई वाड्याच्या तोंडाशी उभी, मालक समोर, आणि माझा फोन तिला विचारणार: किती? उत्तर दिल्याशिवाय पुढं जाऊ देणार नाही. मग ती काय करणार? शंभर टाकणार आणि कामाला लागणार. बाराही जणींनी तेच केलं होतं. सरांना जे खोटं दिसत होतं, ते माझ्याच मेनूनं त्यांच्याकडून बोलवून घेतलं होतं.

लाज वाटली. चांगलीच वाटली. गिऱ्हाइकाला दारातच अडवून त्याच्या घरातली माणसं विचारणारं दुकान मी लावलं होतं.

“कडूबाई, हे मला कावून सांगितलं नाही?” मी तिच्याच बोलीत विचारलं.

“कसं सांगावं? पैल्याच दिशी तुमी म्हणालात, ह्ये बदलायचं न्हाई. आमाला वाटलं, वरनं हुकूम असंल. अन् मोजत न्हाई म्हणून सांगायचं, तर तुमी हसला असता.”

हसलेच असते. ते तिला बरोबर कळलं होतं.

मी ओट्यावर बैठक मारली, लॅपटॉप काढला आणि तिचा फोन जोडला. “बसा इथं. आता तुम्ही सांगायचं, मी लावायचं. पण एक आहे, सरांना आकडा लागणार. तो कुठून आणायचा?”

तिनं फार विचार केला नाही. बर्फाच्या डब्याचं झाकण उघडून लसीची बाटली माझ्यासमोर धरली.

“ही शंभर टोचायची बाटली. एका मेंढराला एक एमएल. बाटली मोजायला कुणाची ना हाय? किती फोडल्या, अन् शेवटाला सिरिंजीत वडून बघायचं, उरलं किती. ते मी रोजच बघती. फेकून द्यायच्या आधी बघावंच लागतं. फकस्त तुमच्या फोनात ते लिवायला जागाच न्हाई.”

आकडा तिच्याकडं पहिल्या दिवसापासून होता. तोही अचूक.

‘मोजणी’ मी फोनमधून उडवली नाही, तिच्या फाइलीत एक ओळ टाकून ती दिसायची बंद केली. आत ती राहिली, फक्त तिचं कुलूप काढलं आणि आता तिला आकडा बाटल्यांवरून मिळणार होता. दोन नवे प्रोग्राम बसवले: ‘बाटली’ आणि ‘उरलं’. हे तासाभराचं काम. खरी हुज्जत खणांवरून झाली.

“नोंदी, औषधं, संपर्क, साधनं हे मला येगयेगळं हुडकावं लागतं,” कडूबाई म्हणाली. “गुडघ्यात मेंढरू, उजव्या हातात सुई. डाव्या अंगठ्यानं चार खण उघडत बसू का? माझं काम तीन जागी होतं. वाड्यात जायच्या आधी. वाड्यात. अन् भाईर आल्यावर. तसेच तीन खण करा.”

“पण मग कॅमेरा? तो तर साधन आहे.”

“कॅमेरा आधी बी लागतो, बाटलीवरचा नंबर टिपायला. अन् भाईर आल्यावर बी लागतो, उरलेलं दाखवायला. दोन्हीकडं ठिवा.”

“एकच वस्तू दोन ठिकाणी?” माझ्या अंगावर काटा आला. माझ्या बरण्यांना हे पाप वाटलं असतं.

“मीठ चुलीपाशी बी असतं, अन् ताटापाशी बी असतं. तुमच्यात न्हाई का?”

भिवराबाई लोकर पिंजता पिंजता खुदकन हसली. मी कॅमेरा दोन्हीकडं ठेवला. लिनक्सला त्याचं काही वाटलं नाही. वाटलं ते मलाच.

‘जायच्या आधी’मध्ये बाटली, कॅमेरा, मालकाचं नाव. ‘वाड्यात’ फक्त तीन मोठी चित्रं, अंगठ्याच्या टप्प्यात, खाली डावीकडं: टॉर्च, औषधाचं प्रमाण, आणि ‘आजारी’, म्हणजे ज्या मेंढराला आज टोचायचं नाही त्याची खूण. ‘बाहेर आल्यावर’मध्ये उरलं, कॅमेरा, कॅलेंडर, फोन आणि बाकीचं सगळं शेपूट. बाहेरून बघणाऱ्याला हा मेनू विचित्र दिसला असता. मला तो दुपारपर्यंत आवडायला लागला, हे मी त्या दोघींना कळू दिलं नाही.

आता धुळाजीमामा. कडूबाई मला बरोबर नेईना. म्हणाली, “तुमी तोंड उघडता.” पण मी मागं मागं गेलेच आणि बाभळीखाली उभी राहिले. तिनं काही लांबण लावलं नाही. फोन त्यांच्या हातात दिला.

“मामा, वाड्यात असताना मी एवढंच उघडणार. दाबून बघा. ह्यो किती म्हणून इचारतो का, तुमीच बघा.”

म्हाताऱ्यानं टॉर्च दाबली. उजेड पडला. बंद केली. औषधाचं चित्र दाबलं. ‘आजारी’ दाबलं. पुन्हा टॉर्च दाबली. तिन्ही चित्रं उलटीपालटी चार-पाच वेळा दाबून झाली. फोननं एकदाही किती म्हणून विचारलं नाही.

“अन् भाईर काय लिवणार?”

“बाटलीतनं किती गेलं ते. कोकरांना ही सुई न्हाईच. त्यामुळं तो काय तुमच्या मेंढरांचा आकडा न्हाई, मामा. बाटलीचा हाय.”

त्यांनी फोन तिला परत दिला. मग बाभळीकडं बोट न करता, नुसती हनुवटी उडवून म्हणाले, “ती बाई वाड्यात यायची न्हाई.”

“न्हाई येणार.”

“मग यिऊ दे सायबाला.”

शुक्रवारी त्रिंबक सर सकाळीच आले. जीपमधून उतरतानाच त्यांचा चेहरा ठरवून आलेल्या माणसाचा होता. मी जाळीबाहेर, ठरलेल्या जागी. कडूबाईनं दोन बाटल्या काढल्या, नंबरांचे फोटो घेतले, मालकाचं नाव निवडलं आणि पदर खोचून आत शिरली. मुंजाजी मेंढरं धरून द्यायचा, ती गुडघ्यात घ्यायची, कातडी चिमटीत उचलायची, सुई, गेरूचा ठिपका, पुढचं. दीड तास हात थांबला नाही. दोन मेंढरं शेंबडी निघाली. तिनं डाव्या अंगठ्यानं ‘आजारी’ दोनदा दाबलं आणि त्यांना बाजूला केलं. मान खाली घालून शोधाशोध नाही, काही नाही. मला ओरडून सगळ्या वाडीला सांगावंसं वाटत होतं, की बघा, मेनू याला म्हणतात.

शेवटचं मेंढरू सुटलं तसे सर जाळीतून आत वाकले.

“कडूबाई, किती झाल्या?”

धुळाजीमामांची काठी हलली. मुंजाजीनं खाली बघितलं. मी तोंड उघडणार होते, तेवढ्यात कडूबाई सरळ उभी राहिली.

“वाड्यात न्हाई, सायेब. भाईर या, सांगते.”

“इथं काय अडचण आहे?”

“माझी कामाची जागा हाय ती. आकडा भाईर लिवायचा असतो.”

इतक्या शांतपणे म्हणाली, की सर निमूट तिच्यामागं आले. बाभळीखाली तिनं दुसरी बाटली आणि पाच एमएलची कोरी सिरिंज त्यांच्याच हातात दिली.

“तुमीच वडा. किती उरलंय ते.”

सरांनी तीनदा ओढलं आणि नळीवरच्या रेघा वाचल्या. पाच, पाच आणि तीन. त्यांनी डोळ्यांसमोर धरून पुन्हा पाहिलं. कडूबाईनं ‘उरलं’ उघडून तेरा टाकलं, फोटो घेतला आणि स्क्रीन त्यांच्यापुढं केला. फोननं दोनशेतून तेरा वजा केले होते. सर वाचायला तोंड उघडणार, तोच ती म्हणाली, “बोलू नका, सायेब. नुसतं वाचा. मालक हितंच उभा हाय.”

सरांनी मनात वाचलं. मग बाटलीवरचा नंबर फोटोशी ताडून पाहिला. एमएलच्या हिशेबात त्यांना कुणी फसवू शकत नव्हतं, आणि इथं कुणी फसवतही नव्हतं.

“मग ते शंभर-शंभर कुणाच्या डोक्यातून आलं होतं?”

“माझ्या,” मी म्हणाले. “मेंढवाड्याच्या दारात मी यांना मोजायला लावत होते. इथं वाड्यात मोजत नाहीत. विचारायची अक्कल मला तीन महिन्यांनी आली. बायका रोज टोचत होत्या, सर. माझा मेनू त्यांना खोटं पाडत होता. आता आहे तो मेनू कडूबाईनं लावलाय.”

सर माझ्यावर चिडणार, याची मी तयारी ठेवली होती. ते चिडले नाहीत. त्यांनी ‘वाड्यात’चा खण उघडला, मिटला, परत उघडला.

“बाकी अकरा फोनांत हेच टाक,” ते म्हणाले. “पण आधी कडूबाईला प्रत्येकीकडं घेऊन जा. त्यांचं काम कसं चालतं, ते तिला विचारू दे. तू नको विचारूस.”

हे शेवटचं मला झोंबलं. पण बरोबर होतं.

मग त्यांनी खिशातली डायरी काढली. “पुढची लस मेंढ्यांच्या देवीची. पौषात. हा भाग दुसऱ्या कुणाकडं द्यावा लागेल ना, कडूबाई? त्या वेळी तू तोडीला असतेस.”

कडूबाईनं फोन परत घेतला. ‘बाहेर आल्यावर’मधलं कॅलेंडर उघडलं, पौष काढला, धुळाजीमामांचं नाव टाकलं, खाली दुसऱ्या दोन वाड्यांची नावं टाकली. कुणाला काही विचारलं नाही.

“मी हितंच हाय,” ती म्हणाली.

सरांनी डायरीत तिचंच नाव लिहिलं आणि जीपकडं निघाले. मुंजाजी मेंढरं सोडायला वळला. भिवराबाई ओट्यावरून कधी उठून आली होती, मला कळलंच नव्हतं. ती सुनेकडं बघत उभी होती. सुनेचे हात गेरूनं लाल झाले होते.

“म्हंजी यंदाची संक्रांत घरी म्हणायची,” म्हातारी म्हणाली.

कडूबाईनं मान हलवली. लग्नानंतरची पहिलीच.